बेरिंग फ्लॉपी राउटर: पॅकेजेस आणि कॉन्फिगरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे लीफ प्रकल्पातल्या बेरिंग या फ्लॉपीवरून सुरू होणाऱ्या लिनक्स राउटरसाठी आहेत. बेरिंग हे जाक निलो आणि एरिक वोल्झाक यांचे काम आहे. त्याचा कर्नल २.४ मालिकेतला, फायरवॉल टॉम ईस्टेप यांचा शोरवॉल आणि पॅकेजची पद्धत जुन्या लिनक्स राउटर प्रोजेक्टकडून आलेली. नंतरच्या बेरिंग-यूसीलिबसीलाही यातले बहुतेक लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तसे लिहिले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्ष टंकताना ती रोमन अक्षरांत टंकायची. पॅकेजची नावे लहान (स्मॉल) अक्षरांतच, एलआरपी आणि पीकेजीपाथ ही दोन शीर्षके मात्र मोठ्या अक्षरांत.

सेटिंग बदलले, ते व्यवस्थित चालले, पण रीबूट केल्यावर जुनेच परत आले. असे का?

कारण बदल फक्त मेमरीत झाला होता. हा राउटर फ्लॉपीवर चालत नाही, फ्लॉपीवरून सुरू होतो. बूट होताना सिसलिनक्स हा बूटलोडर कर्नल आणि सुरुवातीची छोटी फाइल सिस्टिम असलेली इनिटआरडी.एलआरपी मेमरीत आणतो. मग लिनक्सआरसी ही स्क्रिप्ट एकेक पॅकेज फ्लॉपीवरून वाचून मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर उलगडते. एकदा लॉगिनची ओळ दिसली की फ्लॉपीचे काम संपते, ती ड्राइव्हमधून काढून घेतली तरी राउटर चालू राहतो. त्यानंतर तुम्ही जे काही संपादित कराल ते मेमरीतल्या प्रतीवर, आणि वीज गेली की ती प्रत गेली.

बदल टिकवायचा तर ती फाइल ज्या पॅकेजची आहे त्या पॅकेजचा बॅकअप घ्यावा लागतो. एलआरसीएफजी या कॉन्फिगरेशनच्या मेनूत बॅकअपचा पर्याय आहे. पॅकेज निवडले की मेमरीतल्या फाइलींवरून ते नव्याने बांधले जाऊन फ्लॉपीवर लिहिले जाते.

याच रचनेचा मोठा फायदाही आहे. प्रयोग फसला तर बॅकअप घेऊ नका, सरळ रीसेट दाबा, आधीची चालती स्थिती परत मिळते. शटडाउन न करता वीज तोडली तरी काही बिघडत नाही. बॅकअप चालू असतानाचा वेळ मात्र याला अपवाद आहे.

पण कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, हे कसे कळते?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

प्रत्येक पॅकेजची एक यादी असते: /व्हार/लिब/एलआरपीकेजी या फोल्डरात पॅकेजच्या नावाची .लिस्ट फाइल. बॅकअप घेताना त्या यादीतले मार्ग गोळा होतात. ईटीसी पॅकेजच्या वाट्याला अख्खे /ईटीसी फोल्डर येते, पण इतर पॅकेजच्या यादीत नावानिशी असलेल्या फाइली त्यातून वगळल्या जातात. म्हणजे /ईटीसी मध्ये दिसणारी प्रत्येक फाइल ईटीसी.एलआरपी मध्ये जात नाही. /ईटीसी/शोरवॉल मधले नियम शोरवॉलच्या पॅकेजचे आहेत. ते बदलून ईटीसीचा बॅकअप घेतला तर बॅकअप यशस्वी झाल्याचे दिसेल आणि रीबूटनंतर नियम जुनेच असतील.

शंका आली की त्या फोल्डरात जाऊन सगळ्या .लिस्ट फाइलींवर ग्रेप चालवा आणि फाइलीचे नाव शोधा. ज्या यादीत ते किंवा त्याचे फोल्डर सापडेल, ते पॅकेज मालक. नेहमी लागणारे मालक असे: नेटवर्कचे पत्ते, पासवर्ड, इनिटटॅब आणि सिसलॉगची फाइल ईटीसीकडे, /लिब/मॉड्यूल्स मधल्या ड्रायव्हर फाइली मॉड्यूल्सकडे, /यूएसआर/लोकल खालचे सारे लोकलकडे.

शोरवॉलच्या पॅकेजच्या नावात एक ‘ई’ कमी आहे. फ्लॉपीवरची फाइल सिस्टिम डॉसची आहे, नाव आठ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही.

.एलआरपी फाइल म्हणजे नेमके काय?

जीझिपने दाबलेली टार फाइल, बाकी काही नाही. कोणत्याही लिनक्सवर टार ला टी, झेड, एफ हे पर्याय देऊन आत काय आहे ते पाहता येते. एकच अपवाद: इनिटआरडी.एलआरपी. तिचे आडनाव (.एलआरपी) तेच असले तरी ती टार नसून मिनिक्स फाइल सिस्टिमची दाबलेली प्रतिमा आहे. ती टारने उघडायचा प्रयत्न केल्यास त्रुटी येते, म्हणून फाइल खराब आहे असे समजू नका.

फ्लॉपी तर १.४४ एमबीची. मग १६८० केबी कुठून आले?

नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ८० ट्रॅक, दोन बाजू आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे १८ सेक्टर असतात. म्हणजे १४४० केबी. सेक्टरांमधली मोकळी जागा कमी करून त्याच ट्रॅकवर २१ सेक्टर बसवले की १६८० केबी, नेमके १७,२०,३२० बाइट होतात. माध्यम तेच, हाय डेन्सिटीची साधी ३.५ इंची फ्लॉपी.

१७२२ आणि १७४३ केबीचेही फॉरमॅट आहेत, पण त्यांना अनुक्रमे ८२ आणि ८३ ट्रॅक लागतात. काही ड्राइव्हचे हेड ८० च्या पुढे भरवशाने सरकत नाही. राउटर महिनोन् महिने बंद होत नाही आणि नेमका वीज गेल्यावर त्याच फ्लॉपीवरून उठायचा असतो. तिथे ४२ केबीसाठी ही जोखीम घेऊ नये. १६८० वर थांबा.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे उपयोगाचे नाहीत. त्यांना बहुधा ७२० आणि १४४० केबीच येते. मदरबोर्डच्या ३४ पिनी केबलवर बसणारा ड्राइव्हच घ्या.

फ्लॉपी तयार कशी करायची?

लिनक्सवर तीन पायऱ्या आहेत. आधी एफडीफॉरमॅट ला /डेव्ह/एफडी०यू१६८० हे उपकरण देऊन फॉरमॅट करा आणि तपासणी पूर्ण होऊ द्या. एकही खराब सेक्टर निघाला तर ती फ्लॉपी टाकून द्या. मग डीडी ने प्रतिमा त्याच उपकरणावर लिहा. ब्लॉक ८१९२ बाइटचा ठेवला तर बरोबर २१० ब्लॉक लिहिले गेल्याचे दिसले पाहिजे. शेवटी सीएमपी ने प्रतिमा आणि फ्लॉपी ताडून पाहा. ही तिसरी पायरी बरेच जण गाळतात आणि मग बूट का होत नाही याचा शोध भलतीकडे घेत बसतात.

उपकरणाचे पूर्ण नाव नेहमी द्या. १४४० च्या नावाने उघडल्यास वाचन चुकते आणि चांगली फ्लॉपी खराब वाटते. विंडोजवाल्यांसाठी प्रकल्पाने आपोआप फ्लॉपी लिहिणाऱ्या .ईएक्सई फाइली दिल्या होत्या. त्या फॉरमॅटही स्वतःच करतात.

नवे पॅकेज कसे बसवायचे?

आधी फ्लॉपी /एमएनटी वर माउंट करा, फाइल सिस्टिमचा प्रकार एमएसडॉस सांगून. डीएफ ने मोकळी जागा पाहा आणि पॅकेजची फाइल कॉपी करा. मग सिसलिनक्स.सीएफजी उघडा. त्यातल्या ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीत दोन शीर्षके महत्त्वाची आहेत: पीकेजीपाथ, म्हणजे पॅकेजेस कुठल्या उपकरणावर शोधायची, आणि एलआरपी, म्हणजे कोणती पॅकेजेस कोणत्या क्रमाने उलगडायची. दुसऱ्या यादीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन नव्या पॅकेजचे नाव लिहा, आडनाव वगळून. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका, जागा आली की यादी तिथेच संपते. अनमाउंट करा आणि रीबूट करा.

रीबूट न करता आधी चाचणी घ्यायची असेल तर /एमएनटी मध्ये जाऊन एलआरपीकेजी ला ‘-आय’ आणि पॅकेजचे नाव द्या. पॅकेज तिथल्या तिथे उलगडते. नवे काहीही आधी असेच बसवून पाहावे आणि मग यादीत घालावे.

यादीचा क्रम अर्थपूर्ण आहे. रूट पहिले, मग ईटीसी, मग बाकीची. एकच फाइल दोन पॅकेजेसमध्ये असली तर नंतर उलगडलेली टिकते.

बूट होताना पॅकेजच्या नावापुढे ‘एनएफ!’ दिसते.

पॅकेज सापडले नाही, असा त्याचा अर्थ. नावातली चूक, आठ अक्षरांपेक्षा लांब नाव, किंवा चुकीचा पीकेजीपाथ, यांपैकी काहीतरी असते.

यादीतली शेवटची एक-दोन पॅकेजेस एनएफ न दिसताच गायब असतील तर ओळीची लांबी मोजा. या कर्नलला बूटची ओळ २५५ अक्षरांपर्यंतच पोहोचते, पुढचे गुपचूप कापले जाते. कधी शेवटचे नाव मध्येच तुटते आणि अर्ध्या नावापुढे एनएफ दिसते. उपाय म्हणजे यादी एलआरपीकेजी.सीएफजी या वेगळ्या फाइलीत लिहून फ्लॉपीवर ठेवणे.

जागा पुरत नाही. काय काढता येईल?

कीबोर्ड.एलआरपी पहिले काढा. ते निरनिराळ्या देशांच्या कीबोर्डसाठी आहे, भारतात मिळणारे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे असल्याने आपल्याला ते लागत नाही. बाहेरचा पत्ता स्थिर असेल तर पंप नको, कारण तो डीएचसीपी क्लायंट, म्हणजे पत्ता आपोआप मिळवणारा प्रोग्रॅम आहे. पीपीपीओई (ब्रॉडबँडची लॉगिन-पासवर्डने जोडणी) वापरत असाल तरीही पंप नको. वेबलेट हे राउटरची स्थिती ब्राउझरमध्ये दाखवणारे पान आहे. सोयीचे आहे, अत्यावश्यक नाही.

मग /लिब/मॉड्यूल्स कडे वळा. तुमच्या दोन नेटवर्क कार्डांव्यतिरिक्त सगळे ड्रायव्हर तिथून पुसून मॉड्यूल्सचा बॅकअप घेतला की बरीच जागा मोकळी होते. एफटीपी आणि आयआरसीची कनेक्शन-ट्रॅकिंग मॉड्यूल्स मात्र समजून-उमजून काढा. पहिले काढल्यावर आतल्या संगणकांवरून ॲक्टिव्ह एफटीपी चालणार नाही.

आयपीटेबल्स, शोरवॉल किंवा डीएनएसकॅश यांच्या आतल्या फाइली कापून जागा वाचवायला जाऊ नका. त्यापेक्षा दुसरा ड्राइव्ह जोडा आणि पीकेजीपाथमध्ये दोन्ही उपकरणांची नावे स्वल्पविरामाने लिहा.

बॅकअप घेतला तरी बदल टिकला नाही. पॅकेज तर बरोबर निवडले होते.

तीन शक्यता, जास्त आढळणारी आधी.

ड्राइव्हमध्ये दुसरीच फ्लॉपी होती. ड्रायव्हर कॉपी करण्यासाठी साधी फ्लॉपी घातली, काम झाले आणि तिच्यावरच बॅकअप घेतला, असे सहज होते.

फ्लॉपी भरली. पॅकेज अर्धवट लिहिले गेले आणि पुढच्या बूटला ते उलगडत नाही. म्हणून आधी डीएफ पाहा, आणि बॅकअपनंतर फ्लॉपी माउंट करून ते पॅकेज टारने यादी करून बघा. यादी शेवटपर्यंत त्रुटीविना आली तरच रीबूट करा.

राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडी होती. ३.५ इंची फ्लॉपीवर भोक उघडे म्हणजे लिहिणे बंद. रोजच्या वापरात ती उघडीच ठेवावी. बाहेरून कोणी राउटरमध्ये शिरले तरी फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही, रीबूट केले की स्वच्छ सिस्टिम उभी राहते. फक्त बॅकअपपुरती बंद करा.

नेटवर्क कार्ड ओळखले जात नाही.

इथे मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हर) आपोआप शोधणारी यंत्रणा नाही. /ईटीसी/मॉड्यूल्स मध्ये तुम्ही लिहाल तेच, त्याच क्रमाने लोड होते. एका मॉड्यूलला दुसरे लागत असेल तर लागणारे आधी लिहायचे. एनई२के-पीसीआय च्या आधी ८३९०. रिअलटेक ८१३९ साठी ८१३९टू, त्याच्या आधी एमआयआय आणि नंतरच्या कर्नलांमध्ये सीआरसी३२ सुद्धा. व्हिया-ऱ्हाइन लाही एमआयआय लागते. क्रम चुकला तर ‘अनरिझॉल्व्ड सिम्बॉल’ अशी तक्रार दिसते. क्रम बरोबर असूनही तीच तक्रार आली तर मॉड्यूल दुसऱ्या कर्नलचे आहे. यूनेम ने आवृत्ती पाहून नेमक्या त्याच आवृत्तीचे घ्या.

जुन्या आयएसए कार्डाला पत्ता सांगावा लागतो: ‘एनई’ च्या पुढे त्याच ओळीत आयओ=०एक्स३००. कार्डावर प्लग अँड प्ले चालू असेल तर ते उत्पादकाच्या डॉस डिस्कवरून बंद करून पत्ता कायम करा.

दोन्ही कार्डे एकाच ड्रायव्हरची असतील तर कोणते ईटीएच० आणि कोणते ईटीएच१ हे पाहूनच ठरवता येते. एक केबल काढा, आयपी लिंक आणि कार्डावरचा दिवा पाहा, मग कार्डांवर चिठ्ठी चिकटवा. केबल उलट लागल्या तर आतले नेटवर्क बाहेरच्या नियमांखाली येते आणि सारेच बंद पडते.

पत्ते कुठे लिहायचे? पीपीपीओई असेल तर?

/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस. मांडणी डेबियनसारखी. आतल्या बाजूचा मूळ पत्ता १९२.१६८.१.२५४ असतो. पीपीपीओईसाठी पीपीपी आणि पीपीपीओई ही पॅकेजेस घाला, बाहेरचा इंटरफेस ईटीएच० ऐवजी पीपीपी० होतो. शोरवॉलच्या इंटरफेसेस आणि मॅस्क या दोन्ही फाइलींमध्येही तो बदलायला हवा. एकात विसरले की राउटरवरून पिंग जातो, पण आतल्या संगणकांवरून काही उघडत नाही.

काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, हे लक्षण एमटीयूचे, म्हणजे पाकिटाच्या कमाल लांबीचे. पीपीपीओईमध्ये प्रत्येक पाकिटातले आठ बाइट जातात, १५०० चे १४९२ होतात. शोरवॉल.कॉन्फ मध्ये क्लॅम्पएमएसएस ला ‘येस’ करा.

शोरवॉलमध्ये नियम लिहिला, पण त्याचा परिणाम दिसत नाही.

फाइल जतन करून शोरवॉल रीस्टार्ट दिले का? त्याआधी शोरवॉल चेक चालवून चुका पाहून घ्या. नियम फाइलीच्या अगदी शेवटच्या ओळीवर असेल आणि ओळीनंतर एंटर नसेल तर तो वाचलाच जात नाही. म्हणूनच प्रत्येक फाइलीच्या तळाशी ‘ही ओळ काढू नका’ अशी टीप असते. नियम तिच्या वर लिहायचे.

राउटर दुसऱ्या राउटरच्या मागे असेल, उदाहरणार्थ एडीएसएल मोडेम स्वतःच १९२.१६८ चा पत्ता देत असेल, तर इंटरफेसेस फाइलीतला नॉआरएफसी१९१८ हा पर्याय काढा. तो बाहेरून येणारी खासगी पत्त्यांची पाकिटे टाकून देतो, आणि इथे तुमचे ‘बाहेर’च खासगी आहे. त्या दोन बाजूंचे पत्ते एकाच मालिकेतले नकोत हेही पाहा.

शोरवॉल स्टॉप म्हणजे फायरवॉल बंद नव्हे. उलट जवळजवळ सगळी वाहतूक थांबते. दुरून जोडलेले असताना ही आज्ञा दिली तर स्वतःच बाहेर राहाल. नियम खरोखर काढायचे तर क्लिअर, आणि तेही बाहेरची केबल काढून.

स्वतःच्या स्क्रिप्टचे पॅकेज बनवता येईल?

येईल, आणि बनवावे. सुट्या फाइली रूट.एलआरपी मध्ये कोंबल्या तर पुढच्या आवृत्तीत हलवताना त्या शोधत बसावे लागते.

फाइली त्यांच्या जागी ठेवा. मग /व्हार/लिब/एलआरपीकेजी मध्ये आठ अक्षरांच्या आतले नाव घेऊन .लिस्ट फाइल करा. तिच्यात एका ओळीवर एक मार्ग, सुरुवातीची तिरकी रेघ न देता. त्या यादीत पॅकेजच्या स्वतःच्या फाइलींचीही ओळ हवी: व्हार/लिब/एलआरपीकेजी/ आणि पुढे नाव, टिंब, तारा. ही ओळ राहिली तर पॅकेज एकदा नीट बनते, पण रीबूटनंतर त्याची यादी हरवते आणि पुढचा बॅकअप घेता येत नाही. .कॉन्फ फाइलीत फाइलीचा मार्ग आणि वर्णन लिहिले की ती एलआरसीएफजी च्या मेनूत दिसू लागते. .व्हर्जन आणि .हेल्प ऐच्छिक आहेत, पण आवृत्ती लिहायची सवय लावा.

स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली असेल तर ओळींच्या शेवटी जादा अक्षर येते आणि शेल ती चालवत नाही. म्हणून ती राउटरवरच लिहा; ई-३ हा संपादक तिथे आहे, ई३व्हीआय किंवा ई३पीआय या नावांनी चालवला तर त्या-त्या संपादकाच्या कळा मिळतात.

प्रोग्रॅम कॉपी केला, परवानग्या दिल्या, तरी ‘नॉट फाउंड’ येते. फाइल तर समोर दिसते आहे!

सापडत नाही तो प्रोग्रॅम नव्हे, त्याला मेमरीत आणणारा लोडर. बेरिंगमध्ये जीलिबसी २.०.७ ही सी लायब्ररी आहे, बेरिंग-यूसीलिबसीमध्ये यूसीलिबसी. तुमच्या डेस्कटॉपवर बांधलेला प्रोग्रॅम वेगळ्या लायब्ररीची अपेक्षा करतो. तो त्याच लायब्ररीविरुद्ध पुन्हा बांधा, किंवा स्टॅटिक बांधून स्ट्रिप करा. एका बेरिंगची पॅकेजेस दुसऱ्यात चालत नाहीत याचेही कारण हेच.

प्रत्येक रीबूटनंतर एसएसएच म्हणते की होस्ट की बदलली.

की तयार झाल्यावर एसएसएचडी किंवा ड्रॉपबेअर पॅकेजचा बॅकअप राहिला. ४८६ वर की तयार व्हायला काही मिनिटे लागू शकतात. ती पूर्ण होऊ द्या आणि मग बॅकअप घ्या. पासवर्ड बदलला असेल तर ईटीसीचाही.

लॉग कुठे टिकवायचे?

राउटरवर नाही. /व्हार/लॉग मेमरीत आहे, त्याची मर्यादा बूटच्या ओळीतल्या लॉग_साइझ ने ठरते आणि ती भरली की नव्या नोंदी होत नाहीत. सिसलॉग.कॉन्फ मध्ये आतल्या एखाद्या संगणकाचा पत्ता ‘ॲट’ चिन्हासह देऊन नोंदी तिकडे पाठवा.

मॉनिटर आणि कीबोर्डशिवाय चालेल?

चालेल. बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ ला ‘नो एरर्स’ करा, नाहीतर कीबोर्ड नाही म्हणून यंत्र बूटच होणार नाही. सीरियल कन्सोल हवा असल्यास सिसलिनक्स.सीएफजी ची पहिली ओळ ‘सीरियल ० १९२००’ अशी लिहा, बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून टीटीवायएस० द्या आणि इनिटटॅबमध्ये त्या पोर्टचा गेटी (लॉगिनची ओळ दाखवणारा प्रोग्रॅम) चालू करा. तिन्ही ठिकाणी वेग एकच हवा. केबल नल-मोडेम प्रकारची.

राखीव फ्लॉपी किती ठेवाव्यात?

निदान एक, आणि ती त्याच ड्राइव्हमधून एकदा बूट करून तपासलेली. हेडची रेषा थोडी सरकलेली असेल तर एका ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्यावर वाचली जात नाही. प्रत्येक बॅकअपनंतर डीडी ने फ्लॉपीची प्रतिमा दुसऱ्या संगणकावरही ठेवा, तारखेच्या नावाने.

हा राउटर आज थेट इंटरनेटला जोडावा का?

जोडू नये. २.४ कर्नलला आता सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत आणि त्या काळातले एसएसएचही जुने आहे. प्रयोगशाळेत, शिकवण्यासाठी किंवा जुन्या यंत्रांच्या बंदिस्त नेटवर्कसाठी तो अजूनही उत्तम आहे. राउटिंग, नॅट आणि बूटची प्रक्रिया इतकी उघडी करून दाखवणारे दुसरे साधन क्वचितच मिळेल.

फ्लॉपीऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश वापरता येईल?

येईल, आयडीई ॲडॉप्टरवर बसवून. कार्डावर फॅट-१६ चे ॲक्टिव्ह पार्टिशन करा, एमबीआर आणि सिसलिनक्स लिहा, फ्लॉपीवरच्या सगळ्या फाइली कॉपी करा. बूटच्या ओळीत दोन्ही ठिकाणी एफडी०यू१६८० च्या जागी एचडीए१ लिहा. आता अडचण अशी की कार्ड वाचायला लागणारे ड्रायव्हर पॅकेजेस उलगडण्याआधीच हवेत, म्हणून ते मॉड्यूल्स.एलआरपी मध्ये ठेवून भागत नाही. ते इनिटआरडीमध्ये, /बूट/लिब/मॉड्यूल्स खाली ठेवा आणि नावे /बूट/ईटीसी/मॉड्यूल्स मध्ये लिहा. २.४.२० पर्यंतच्या कर्नलला आयडीई-मॉड, आयडीई-प्रोब-मॉड आणि आयडीई-डिस्क. त्यानंतरच्यांना आयडीई-कोअर, आयडीई-डिटेक्ट आणि आयडीई-डिस्क. मग इनिटआरडीचा बॅकअप घ्या. हा बॅकअप चुकला तर यंत्र बूट होणार नाही, तेव्हा मूळ इनिटआरडी.एलआरपी ची प्रत आधी बाजूला काढा.